मामा, यावर जीटीए चालन का?

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला तो एक चपटा डबा सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यात गुंडाळून. ऑफिसांमधून जुने म्हणून निघालेले, साफसूफ करून विकायला ठेवलेले कम्प्युटर असतात ना, त्यातलाच एक. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. कट्ट्याचं तोंड सोडायच्या आधीच त्यानं विचारलं, “मामा, यावर जीटीए चालन का?”

दिग्रसकडच्या एका गावात माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याचे कागद, आणि उरलेल्या वेळात कम्प्युटर दुरुस्ती. जीटीए म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’, शहरभर गाड्या पळवायचा गेम. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, फक्त गेमचं नाव बदलतं. विचारणारा बहुतेक वेळा ग्राफिक कार्ड घ्यायचं ठरवूनच आलेला असतो. भाच्याचंही तसंच. “मले वाटलं कार्ड टाकलं का झालं.” खिशात दोन क्विंटल कापसाचे पैसे. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये धरला तर १६ हजारांच्या थोडे वर. हमीभाव खरंच हातात पडला तर, हे आलंच.

म्हटलं, आधी सांग, कुठला जीटीए? कारण पीसीवर आता जीटीए फाइव्ह दोन आहेत. जुना २०१५ चा, जो ४ जीबी रॅम आणि साध्या हार्डडिस्कवरही कसाबसा उठतो. आणि ४ मार्च २०२५ ला आलेला ‘एनहान्स्ड’. या नव्याची किमान गरज अशी: प्रोसेसर आय-सेव्हन ४७७०, रॅम ८ जीबी, ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६३० किंवा आरएक्स ६४०० च्या तोडीचं, ४ जीबी मेमरीचं, आणि १०५ जीबी मोकळी जागा, तीसुद्धा एसएसडीवर, म्हणजे चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर. भाच्याला अर्थातच नवा पाहिजे होता.

ही ‘किमान’ची यादी कशी वाचायची ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. किमान म्हणजे सगळं कमी-कमी ठेवलं तर गेम उठेल आणि खेळता येईल. त्याखाली ‘शिफारस’ म्हणून दुसरी यादी असते, जाहिरातीच्या व्हिडिओच्या जवळपास जाणारं चित्र त्या यादीनं मिळतं. किमान यादीतली एखादी वस्तू थोडी कमी असली तर कधी निभावतं, कधी गेम दारातूनच परत पाठवतो. कुठली वस्तू निभावते आणि कुठली नाही, हे कळायला डब्याच्या आत कोण काय काम करतं ते समजून घ्यावं लागतं.

त्यासाठी मी पोट्ट्यांना जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात नेतो. मनातल्या मनात. आपल्याकडं सगळ्यांनी जिनिंग पाहिलेली असते. मागं गोदाम, तिथं कापसाचे डोंगर. तिथून कापूस रेच्यांजवळच्या (रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र) ओट्यावर येतो. मग रेच्यांची लांब रांग, प्रत्येक रेचा एकच काम करतो, सरकी आणि रुई वेगळी करायची. आणि या सगळ्यावर ओरडत फिरणारा मुकादम: कुठला ढीग आधी, कुठला रेचा बंद, कुणाला हात कमी पडतोय. कम्प्युटरमध्ये गोदाम म्हणजे हार्डडिस्क किंवा एसएसडी, ओटा म्हणजे रॅम, रेच्यांची रांग म्हणजे ग्राफिक कार्ड, मुकादम म्हणजे प्रोसेसर. (आपल्याकडं अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आतमध्ये पंख्याखाली असतो, बिस्किटाएवढा.)

मुकादम चारच आहेत, पण हुशार. चौथ्या पिढीच्या डेस्कटॉप आय-फाइव्हमध्ये चार कोअर. जीटीएक्स १६५० सारख्या लहान कार्डात मात्र ८९६ कोअर असतात, एकेकटे बिनडोक, पण सगळे मिळून एकच काम एकाच वेळी करायला पक्के. चित्र काढणं हे असंच काम आहे. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं हवी म्हटलं की दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे. एका चित्राला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. ते चार मुकादमांचं काम नव्हे.

आता गोम अशी की रेचे कितीही आणले तरी गोदामातून कापूस वेळेवर येत नसेल तर ते रिकामे फिरतात. उलट ओट्यावर ढीग लागला आणि रेचे दोनच असले तरी तीच गत. सगळ्यात हळू जो, त्याच्याच वेगानं अख्खी जिनिंग चालते. म्हणून पैसे आधी कुठं लावायचे हा प्रश्न खरं तर ‘अडतंय कुठं’ हा प्रश्न आहे, आणि तो अंदाजानं सोडवायचा नसतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स, प्रत्येकाचा आलेख दिसतो. भाच्याच्या डब्यावर काहीच न चालवता डिस्क १०० टक्के दाखवत होती. मेमरी ४ पैकी ३.४ भरलेली. खाली एक ओळ होती, रॅमच्या दोन खाचांपैकी एकच वापरात. म्हणजे कार्ड टाकायच्या आधीच गोदामाचं दार अडकलेलं आणि ओटा भरलेला. दहा हजारांचं कार्ड टाकलं असतं तरी पहिल्या दिवशी शिव्याच खाल्ल्या असत्या, आणि त्याही मी.

तर पहिला खर्च एसएसडी. हार्डडिस्कमध्ये चकती फिरते आणि एक सुई इकडून तिकडं पळते. सलग फाइल असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते. पण गेम सलग काही मागत नाही. इथला रस्ता, तिथली भिंत, गाडीचा आवाज, असं हजार ठिकाणचं एकदम मागतो. सुई पळून पळून थकते आणि तुम्ही वेगात वळलात की समोरचा रस्ता उघडायलाच उशीर होतो. एसएसडीत सुईच नाही. जुन्या बोर्डाच्या साटा जोडणीवरही ती साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, आणि विखुरलेल्या फाइलींमध्ये फरक याहून कितीतरी मोठा. दुकानदार एम-डॉट-टू म्हणून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी दाखवेल. ती चांगली असते, पण चौथ्या पिढीच्या ऑफिसच्या डब्यात तिला बसायला सहसा जागाच नसते. अडीच इंची साटा घ्या. आणि २५६ जीबीच्या मोहात पडू नका. १०५ जीबीचा एक गेम, विंडोज, अपडेट्स, एवढ्यात ती भरते. ५१२ घ्या.

नुसत्या या एका वस्तूनं डबा नवा झाल्यासारखा वाटतो. माझ्या दुकानात जे लोक कम्प्युटर विकायला काढतात, त्यातल्या निम्म्यांना मी हेच सांगून परत पाठवतो.

रॅमचं थोडक्यात. चौथ्या पिढीपर्यंत डीडीआर-थ्री, पुढं डीडीआर-फोर, मग फाइव्ह. एक दुसऱ्यात बसत नाही, पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका. ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा सारख्याच दोन घ्या, कारण दोन खाचांमधून प्रोसेसर एकाच वेळी दोन वाटांनी माल उचलतो. नव्या जीटीएच्या गरजेत तर ८ जीबीपुढं ‘ड्युअल चॅनल’ असं लिहिलेलंच आहे. भाच्यानं सेकंडहँड ८-८ च्या दोन घेतल्या. जुनी रॅम सहसा बिघडत नाही, त्यामुळं सेकंडहँड घ्यायला ही सगळ्यात बिनधोक वस्तू.

आता कार्ड. पण कार्डाच्या आधी एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूचा तो लोखंडी चौकोनी डबा, जो घरातली २३० व्होल्ट वीज घेऊन आतल्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देतो. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. बाजारात ‘४५० वॅट’ लिहिलेले एसएमपीएस मिळतात, हातात घेतले तर रिकाम्या डब्यासारखे हलके. बाजूचं लेबल वाचा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवर जगतात. तिथं १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट कागदावरच. असा एक एसएमपीएस माझ्या ओळखीच्या एका पोराच्या घरी मोठ्या कार्डाखाली ऐन सामन्यात धूर काढून गेला, आणि जाताना मदरबोर्ड सोबत घेऊन गेला.

“मग चांगला घेऊ ना,” भाचा म्हणाला. घेतला असता. पण ऑफिसच्या या चपट्या डब्यांची आणखी एक खोड असते. त्यांचा एसएमपीएस आकारानं वेगळा, आणि मदरबोर्डला जाणारा कनेक्टरही बऱ्याच मॉडेलांत कंपनीचा खास. बाजारातला साधा २४ पिनचा त्यात बसतच नाही. त्यामुळं आत जो आहे, त्यातच भागवायचं. याच्यावर २५५ वॅट लिहिलं होतं. प्रोसेसर ८४ वॅटचा, बाकी सगळं मिळून चाळीसेक धरा. उरलं शंभराच्या वर. मदरबोर्डावरची लांब खाच स्वतःच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. तेवढ्यात भागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही. म्हणून अशा डब्यांसाठी मी कार्ड शोधताना पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, ही ७५ वॅटच्या आतली मंडळी. आरटीएक्स ३०६० म्हणाल तर ते एकटंच १७० वॅट खातं, या डब्यात त्याचं नावही काढू नका.

आरएक्स ६४०० तर ५३ वॅटवरच भागवतं, मग तेच का नाही? ते बोर्डाशी बोलताना १६ ऐवजी ४ च वाटा वापरतं. नव्या बोर्डावर त्या वाटा रुंद असतात, म्हणून खपतं. जुन्या बोर्डावर त्याच वाटा निम्म्या किंवा त्याहून अरुंद, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम ठेचकाळत चालतो. किमान यादीत नाव आहे म्हणून ते प्रत्येक जुन्या डब्यात सारखं चालेल असं नाही.

आणि उंची मोजा. चपट्या डब्यात ‘लो प्रोफाइल’ म्हणजे बुटकं कार्डच बसतं, त्याची मागची पट्टीही बुटकी लागते. हे न मोजता कार्ड आणणारे आणि मग झाकण उघडं टाकून खेळणारे मी पाहिले आहेत. उघड्या झाकणातून पाल आत जाते, त्याचं पुढं सांगतो.

आम्ही सेकंडहँड बुटकं जीटीएक्स १६५० घेतलं, नागपूरच्या सीताबर्डीवरून. नव्याचे पैसे बसत नव्हते. जुन्या कार्डात दोन गोष्टी बघायच्या. एक, ते डिजिटल कॉइन काढायच्या कामात रात्रंदिवस राबलेलं आहे का. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या कॉइननं ती पद्धतच बंद केली आणि अशा कार्डांचे ढीग बाजारात आले. पंखे खरखरत असतील, स्क्रू चिवडलेले असतील तर समजून घ्या. दोन, नकली कार्ड. फार जुन्या कार्डाच्या चिपवर नवं नाव चढवून विकतात, विंडोजसुद्धा तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड नावाचा फुकटचा लहानसा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन जा, अशी बनावट तो बरेचदा पकडतो. दुकानदार तपासू देत नसेल तर उठा.

विंडोजबद्दल दोनच गोष्टी. भाचा आला त्याच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. आमचा डबा चौथीतला. गेम अजून १० वर चालतो, पण त्याच डब्यावर बँकेचे व्यवहार करू नकोस असं मी त्याला बजावलं. आणि विंडोज ७ धरून बसलेल्यांना: स्टीम, म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायचं ऑनलाइन दुकान, त्यानं १ जानेवारी २०२४ पासून ७ आणि ८ चा आधार सोडला.

काही गेम मात्र या डब्यावर कधीच चालणार नाहीत, कितीही सेटिंग उतरवा. २०२४ च्या डिसेंबरचा इंडियाना जोन्स आणि २०२५ च्या मे महिन्यातला डूम, या दोघांना प्रकाशाची किरणं मोजणारं खास यंत्र कार्डातच लागतं. ते जीटीएक्समध्ये नाही, आरटीएक्समध्ये २०१८ पासून आहे. यादीत ‘रे ट्रेसिंग’ सक्तीचं दिसलं की पैसे खिशातच ठेवा. लॅपटॉपवाल्यांनीही. तिथं प्रोसेसर आणि कार्ड बोर्डालाच चिकटवलेले असतात, हात घालता येतो तो बहुधा रॅम आणि एसएसडीलाच.

आता जे बाहेरच्या यूट्यूबवाल्यांना सांगता येत नाही ते. ते पंचवीस डिग्रीच्या खोलीत बसून दाखवतात की प्रोसेसर ७० डिग्रीवर राहतो. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, फक्त उष्णता त्या हवेत ढकलतो. पंचवीसच्या खोलीत तो ७० वर असेल तर हवेपेक्षा ४५ वर. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ४३ असतं. त्यात ४५ मिळवा, झाले ८८, आणि आत धूळ-रुई बसलेली असली की आणखी वर. इंटेलचा हा प्रोसेसर शंभरीला पोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि पोट्टे म्हणतात कम्प्युटर हँग झाला. तो हँग नसतो झालेला, उन्हं उतरायची वाट पाहत असतो.

उपाय महाग नाहीत. ऑफिसातून निघालेल्या डब्यात प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. कूलर खोली गार करतो म्हणून चांगलाच, पण त्याची ओली हवा थेट डब्यावर सोडू नका. कापसाच्या दिवसांत हवेत उडणारी बारीक रुई पंख्यामागच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते, दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो. आणि पाल. उबेला एसएमपीएसमध्ये शिरते, दोन टोकांना चिकटते, आणि फट्. मागच्या मोकळ्या खाचांवर पट्ट्या लावून घ्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार तर रोजची. एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे लहान कपॅसिटर असतात, ते अगदी थोडा करंट लोखंडी डब्याकडं सोडतात, तिथून तो अर्थिंगमधून जमिनीत जावा म्हणून. घरात अर्थिंगच नसलं किंवा तीन पिनांतली जाडी पिन कापून टाकली असली, तर तो तुमच्या बोटातून वाट शोधतो. झटका बारीक असतो, पण आतल्या चिपांना तोही नको. वायरमनला सांगून खड्डा, मीठ-कोळसा, तार, एकदा नीट करून घ्या. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, तो साधारण ३६० वॅट देतो आणि आपला डबा खेळताना दोनशेच्या आसपास. लाइन गेली की गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. एक डाव संपवायला नाही.

फुकटची वाढ सगळ्यात शेवटी सांगतोय, करायची मात्र सगळ्यात आधी. पडदा फुल एचडीवरून ७२०पीवर आणला की ठिपके २० लाखांवरून ९ लाख २१ हजारांवर येतात. रेच्यांचं काम निम्म्याहून कमी. यानं एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणारी चित्रं, वाढले तर समजा कार्ड अडत होतं. तसूभरही वाढले नाहीत तर मुकादम अडतोय, ठिपके कमी करून त्याला काय फरक पडणार. मोजायला विंडोजचं बटण आणि जी दाबा, गेम बारमध्ये आकडे दिसतात.

सगळं बसलं. राहिला १०५ जीबीचा गेम. रोज दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर तो उतरवायला सत्तर दिवस लागले असते. भाच्याचा मित्र यवतमाळला होस्टेलवर, तिथं फायबर. तिकडच्या कम्प्युटरवर भाच्यानं आपल्या खात्यातून स्टीमवर गेम उतरवला, फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतला आणि एसटीत बसला. इथं तेच फोल्डर स्टीमच्या जागी ठेवून फाइली तपासायला लावल्या, किरकोळ काही कमी होतं ते मोबाइलवर आलं. एसटीच्या दोन तासांत १०५ जीबी म्हणजे सेकंदाला जवळपास ११७ मेगाबिट. गावात एवढा वेग अजून एसटीनंच येतो.

गेम उठला. ठीकठाक सेटिंगवर गावाबाहेरच्या रस्त्यांना छान, शहराच्या मध्यात गाडी दामटली की अडखळत होता. ७२०पी करून पाहिलं, आकडे हलले नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १००, कार्ड सत्तरच्या आसपास निवांत. म्हणजे मुकादम. किमान यादीत आय-सेव्हन ४७७० उगाच नव्हता: कोअर चारच, पण प्रत्येक कोअर दोन कामं हाताळतो. तो याच बोर्डावर बसतो, वीजही तेवढीच, ८४ वॅट. पण कापसाचे पैसे संपले होते.

मग सेटिंगमध्ये ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’ नावाची पट्टी होती ती खाली ओढली. रस्त्यावरची माणसं आणि गाड्या, प्रत्येकाची चाल मुकादमालाच ठरवावी लागते. अडखळणं थांबलं. गेममधलं शहर लॉस सँटोस आता मे महिन्यातल्या दुपारच्या आमच्या गावासारखं दिसतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाचा म्हणाला, “चालते मामा, असंच राहू दे.”